न वितळलेल्या दगडांच्या मागावर

दिवस पहिला : स्टोनहेवन

गाडीतून उतरल्या उतरल्या ताईने नियम घालून दिला, दगडाचा रंग सगळ्यात शेवटी बघायचा. तोवर मी किनाऱ्यावरचा एक हिरवट दगड उचलून "हा रूपांतरितच" असं जाहीर करून मोकळा झालो होतो. तिने तो हातात घेतला, ओला केला, फिरवून पाहिला आणि समुद्रात भिरकावला. दगडावर शेवाळ होतं.

ताई भूशास्त्राची. शिकली आणि नंतर बरीच वर्षं शिकवत राहिली. मी संगणकापुढे बसणारा माणूस. सात दिवस स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात फिरायचं, तिने दगड बघायचे, मी गाडी चालवायची, असा आमचा करार. स्कॉटलंडच का, तर रूपांतरित, म्हणजे न वितळता उष्णतेने आणि दाबाने बदललेल्या, खडकांबद्दलची भांडणं जिथे झाली आणि मिटली, अशा बऱ्याच जागा इथे एका आठवड्याच्या टप्प्यात आहेत.

स्टोनहेवनच्या उत्तरेला हायलँड बाउंडरी फॉल्ट हा मोठा भूभ्रंश, म्हणजे दोन बाजूंचे खडक सरकलेली भेग, समुद्राला मिळतो. दक्षिणेला तांबडा वालुकाश्म. त्यावर अंगठा घासला की कण हाताला लागतात, थर सरळ दिसतात, वाळू कधीतरी पाण्याखाली साचली हे माझ्यासारख्यालाही कळतं. भूभ्रंश ओलांडून उत्तरेकडे चालत गेलो आणि दगडाचा पोतच बदलला. कडा पातळ, पृष्ठभागावर मंद चकाकी, आणि फुटायची एक ठाम दिशा. "हाही चिखल आणि वाळूच होता," ताई म्हणाली. "फक्त याला खाली नेऊन आणलंय."

खाली नेऊन आणलंय, या तीन शब्दांत बहुतेक सगळं येतं. खडक खोल गाडला जातो. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते, दाब वाढतो, आणि जुनी खनिजं त्या परिस्थितीत टिकत नाहीत. त्यांचे अणू नव्या रचनेत बसतात आणि वेगळी खनिजं तयार होतात. मुख्य अट अशी की हे सगळं घन अवस्थेत घडलं पाहिजे. खडक पूर्ण वितळला की तो अग्निजन्यांच्या खात्यात गेला. भट्टीत मातीचं मडकं होतं तेव्हा माती वितळून ओतलेली नसते, आकार तोच राहतो, आतला माल मात्र पुन्हा माती होत नाही. मला तोपर्यंत संगमरवर, ग्रॅनाइट, लाव्हा हे सगळं 'गरम झालेले दगड' या एकाच कप्प्यात होतं.

निघताना ताईने वाळूतून एक पांढरा, मुठीएवढा गोटा उचलून माझ्या खिशात कोंबला. "शेवटच्या दिवशी ओळखून सांग. आज विचारायचं नाही."

दिवस दुसरा : ग्लेन क्लोव्हा

आजचा दिवस जॉर्ज बॅरोचा. स्कॉटलंडच्या आग्नेय हायलँडमध्ये सर्वेक्षण करताना या माणसाच्या लक्षात आलं की दऱ्यांमधून वर जाताना मूळचा चिखलाचा खडक पायरीपायरीने बदलत जातो, आणि प्रत्येक पायरीवर एक नवं खनिज हजेरी लावतं. १८९३ मध्ये त्याने ते मांडलं. क्रम असा : क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. ताईला हा क्रम पाढ्यासारखा येतो, दुपारपर्यंत मलाही यायला लागला.

सकाळी नदीकाठी मला एक चमचमणारा दगड सापडला, त्यात तांबडे दाणे. मी धावत नेऊन दाखवला.

"छान आहे. कुठला?"

"इथलाच की."

"नदीत मिळालेला दगड आपलं गाव सांगत नाही. हिमनदीने आणला असेल, पुराने आणला असेल. बॅरोसारखा नकाशा करायचा तर जमिनीला धरून असलेला खडकच हवा."

पण ओळख शिकायला सुटा दगड उत्तम, हेही तिनेच सांगितलं. शिवाय जमिनीत असलेल्या खडकावर हातोडी चालवायची नाही हा तिचा दंडकच होता. आम्ही दोघं दगडगोट्यांत फतकल मारून बसलो. मिज नावाची चिलटं चेहऱ्यावर तुटून पडली होती, त्यामुळे या दिवसाचे माझे बहुतेक फोटो हललेले आहेत.

तिची पद्धत मी इथे तिच्याच क्रमाने देतो. आधी दिशा बघायची. दगडाला पदर आहेत का, चपटे कण एकाच रेषेत झोपलेत का? अभ्रकाचे पत्रे चपटे असतात. खडक एका बाजूने जास्त दाबला जात असेल तर ते दाबाच्या काटकोनात आडवे वाढतात, आणि त्यातून पदर पडतात. नुसता चहूबाजूंनी सारखा दाब असेल तर पदर पडायचं काही कारण नाही. मग दाणा. डोळ्यांना कण दिसतच नाहीत आणि दगड सपाट पत्र्यांत फुटतो तर स्लेट, म्हणजे आपल्या पाटीचा दगड. कण दिसत नाहीत पण रेशमासारखी झळाळी आणि बारीक सुरकुत्या दिसतात तर फिलाइट. अभ्रक सुटं सुटं दिसतं, नखाने पत्रा निघतो, तर शिस्ट. आणि काळे-पांढरे पट्टे वेगळे झालेत, दगड पत्र्यांत फुटायला राजी नाही, तर नाइस. चारही एकाच चिखलाच्या चढत्या अवस्था असू शकतात. तिसरी गोष्ट, खनिज कोणतं. कस लावणं त्यानंतर, आणि रंग त्याच्याही नंतर.

माझ्या दगडातले तांबडे दाणे गार्नेट निघाले. दागिन्यांत ज्याला तामडा म्हणतात तो हाच. भिंगातून पाहिल्यावर त्याच्या चपट्या बाजू दिसल्या, जणू कुणी पैलू पाडलेत. चाकूने ओरखडा उठत नव्हता. अभ्रकाचे पदर गार्नेटच्या भोवतीने वळसा घालून जात होते, गर्दीत खांब उभा असावा तसे.

स्टॉरोलाइट मला तपकिरी आणि कंटाळवाणा वाटला. त्याचे दोन स्फटिक कधीकधी एकमेकांत क्रुसासारखे अडकून वाढतात, ग्रीक भाषेत त्याचं नावही त्यावरूनच आहे. आम्हाला क्रूस काही मिळाला नाही.

कायनाइटने मात्र दुपार वसूल केली. एका गोट्यात निळसर, लांबट पाती होती. ताईने चाकू दिला. "लांबीच्या दिशेने ओढ." ओरखडा उठला. "आता आडवा." पातं घसरलं, उलट चाकूचंच पोलाद दगडावर करड्या रेघेसारखं उतरलं. एकच स्फटिक, एका दिशेने मऊ, दुसऱ्या दिशेने कठीण! मी ते चार-पाच वेळा करून बघितलं, शेवटी तिने चाकू काढून घेतला.

कायनाइट, सिलिमनाइट आणि अँडालुसाइट या तिघांचं रासायनिक सूत्र अगदी एक आहे. ऍल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन, प्रमाणही तेच. फरक मांडणीत. दाब जास्त असेल तर कायनाइट, दाब कमी असेल तर अँडालुसाइट, उष्णता बरीच वाढली तर सिलिमनाइट. तिघं एकत्र नांदू शकतील अशी एकच जागा आहे, सुमारे ५०० अंश सेल्सिअस आणि पृथ्वीच्या पोटात साधारण १४ किलोमीटरवर असतो तेवढा दाब. म्हणून खडकात यांपैकी कोण बसलंय हे पाहिलं की तो किती खोल आणि किती गरम जाऊन आला याचा अंदाज बांधता येतो. आमच्या हातातला गोटा सुमारे ६०० अंश बघून आला होता. इथल्या खडकांची ही भाजणी सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीची, डोंगररांग घडत असतानाची. बॅरोला मात्र वाटलं होतं की ही उष्णता जवळच्या ग्रॅनाइटची. क्रम त्याचा बरोबर निघाला, उष्णतेचं कारण मात्र नंतरच्यांनी बदललं.

दरीच्या वरच्या टोकाला सिलिमनाइट. एवढं ऐकून मी काहीतरी भव्य शोधत होतो. प्रत्यक्षात पांढरट, केसांसारख्या तंतूंचा एक पुसट ठिपका. सगळ्यात वरची पायरी आणि सगळ्यात कमी देखणी.

परतताना गाडीत मी विचारलं, वर येताना हे सगळं थंडही झालं असणार ना, मग गार्नेटचं पुन्हा क्लोराइट का नाही झालं? ताई खूश झाली. उत्तर पाण्यात आहे. चिखलातल्या खनिजांच्या रचनेतच पाणी बांधलेलं असतं. खडक तापत जातो तसं ते सुटून भेगांतून वर निघून जातं. उतरताना ते परत मिळत नाही, आणि थंड खडकात अणूंची हालचालही मंदावते. म्हणून खडक आपल्या सगळ्यात कडक दिवसांची खूण घेऊन वर येतो. कुठे कुठे भेगेतून पाणी आत शिरतं, तिथे गार्नेटच्या कडेने हिरवं क्लोराइट परत धरलेलं दिसतं.

"आणि वालुकाश्मात गार्नेट का नाही दिसत?"

"नुसत्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, कणांतून गार्नेट कुठून करणार? मूळ मालात ऍल्युमिनियम नको? शुद्ध वाळूला कितीही भाजलंस तरी क्वार्टझाइटच मिळणार. चिखल मात्र सगळं बोलून दाखवतो."

दिवस तिसरा : ग्लेन टिल्ट

ब्लेअर ऍथॉलहून भाड्याच्या सायकली घेऊन दरीत आत. माझ्या सायकलची साखळी तीन वेळा उतरली, त्यामुळे टिल्ट नदीचं सौंदर्य मी मुख्यतः खाली वाकून पाहिलं.

१७८५ मध्ये जेम्स हटन हा स्कॉटिश भूशास्त्रज्ञ इथे आला होता. ग्रॅनाइट हा सगळ्यात आधीचा, पाण्यातून बसलेला खडक, असं तेव्हा बरेच जण मानत. नदीच्या पात्रात हटनला लाल ग्रॅनाइटच्या शिरा काळसर शिस्टमध्ये घुसलेल्या दिसल्या. म्हणजे ग्रॅनाइट वितळलेला होता, तप्त होता, आणि ज्यात घुसला त्या खडकापेक्षा नंतरचा होता. त्याला एवढा आनंद झाला की सोबतच्या वाटाड्यांना वाटलं, याला सोन्याची नाहीतर चांदीची शीर सापडली.

वितळलेला आणि न वितळलेला खडक शेजारी बघायला ही जागा फार सोयीची. ग्रॅनाइटमध्ये कण सगळ्या दिशांना, एकमेकांत गुंतलेले. शिस्टमध्ये सगळे एका रांगेत. ताईने मला डोळे मिटून दोन्हींवर हात फिरवायला लावला. खरं सांगायचं तर ओल्या दगडावर मला काही फरक कळला नाही, पण मी "हो, हो" म्हणालो.

'मेटामॉर्फिक' हा शब्द हटनच्या वेळी नव्हता. तो चार्ल्स लायेल या भूशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये रूढ केला.

दिवस चौथा : बॅलाहुलिश

दिवसभर पाऊस. स्लेट बघायला पाऊस चांगला, ओल्या स्लेटवर सगळ्या रेघा उठून दिसतात, असं ताईचं म्हणणं. माझ्या बुटांचं मत वेगळं होतं.

बॅलाहुलिशच्या स्लेटच्या खाणी १६९० च्या दशकात सुरू झाल्या आणि १९५५ मध्ये बंद पडल्या. कितीतरी छपरं इथल्या पाट्यांनी शाकारली गेली. आता खाणीच्या जागी पाणी, झाडं आणि उभे काळे कडे. खाली पडलेला एक तुकडा उचलून मी बोटाच्या पेराने वाजवला. टणत्कार झाला. शेजारचा वाजवला तर बद्द. त्यात बारीक चीर होती. पाटीचा दगड पारखायची ही जुनी रीत, नुसत्या कानांनी करायची.

इथे माझा मोठा गैरसमज फुटला. स्लेटचे पत्रे म्हणजे मूळ चिखलाचे थर, असंच मी धरून चाललो होतो. ताईने एका फळीवर बोट ठेवलं. सपाट पृष्ठभागावरून तिरका, फिकट राखाडी रंगाचा पट्टा गेला होता. "थर हा. चिखलात मध्येच जरा जाड गाळ बसला, त्याचा." म्हणजे थर एका दिशेने चाललेत आणि दगड फुटतोय दुसऱ्याच दिशेने. फुटण्याची दिशा दाबाने आणलेली. चिकणमातीचे सूक्ष्म पत्रे दाबाखाली फिरले, विरघळले, नवे उगवले, आणि जुन्या थरांना न जुमानता एका प्रतलात ओळीने लागले. गाळाचा शेल आणि रूपांतरित स्लेट यांत फरक करताना हे कामी येतं. शेल थराबरोबर फुटतो, बोटांत भुगा होतो, वाजवला तर आवाज मेलेला. स्लेट कडक असते, आणि थराला आडवी जायला तिची हरकत नसते.

काही पाट्यांवर पायराइटचे पितळी घन बसलेले, कोपरे अगदी मापून काढल्यासारखे. छपरासाठी ही खोडच. पायराइट गंजतं आणि पाटीला भोक पडतं.

जवळच ग्रॅनाइटसारख्या खडकाचा एक मोठा गोळा वर घुसलेला आहे. त्याच्या सलगीला आलेला याच कुळातला चिखल स्लेट राहिला नाही, त्याचा हॉर्नफेल्स झाला. तो आम्ही लांबून, धुक्यातून 'पाहिला'. हॉर्नफेल्सला पदर नसतात, कारण तिथे भाजणी होती, पण एका बाजूने रेटणारा दाब नव्हता. बारीक दाण्याचा, काळपट, टणक, फुटला तर धारदार कपच्या उडतात. ओळखायला ताईच्या मते सगळ्यात फसवा. बेसाल्ट समजून चांगले चांगले लोक त्याला खिशात घालतात.

दिवस पाचवा : स्काय बेट, टॉरिन

थोडक्यात सांगतो, कारण अर्धा दिवस गाडीत गेला.

टॉरिनला पांढरा संगमरवर आहे. मूळची सुमारे ५० कोटी वर्षांची चुनखडी. साडेपाच-सहा कोटी वर्षांपूर्वी तिच्यात ग्रॅनाइट घुसला आणि ती भाजली गेली. चुन्याचा दगड ऍसिडने फसफसतो, त्यावरून तो ओळखायचा. विमानात ऍसिड नेता येत नाही म्हणून आमच्याकडे व्हिनेगर. एका सुट्या तुकड्यावर थेंब टाकला. काही नाही. मी लगेच क्वार्टझाइट म्हणून मोकळा. ताईने चाकू टेकवला, खोल चरा पडला. क्वार्टझाइटवर चाकू चालत नाही, उलट क्वार्टझाइटच काचेवर चरा काढतो. मग चऱ्यातल्या पिठावर व्हिनेगरचा थेंब टाकून भिंग लावलं तर बारीक बुडबुडे. चुनखडीत मॅग्नेशियम असेल, म्हणजे डोलोमाइट असेल, तर अखंड दगड दाद देत नाही, पूड करावी लागते. चाकू आधी, थेंब नंतर. भिंगाखाली संगमरवराचे दाणे खडीसाखरेसारखे चमकत होते. मूळ चुनखडीत शिंपले असतीलच तर ते या दाण्यांत कधीच विरून गेलेत.

दिवस सहावा : नॉकन क्रॅग

अलापूलच्या उत्तरेला, रस्त्याच्या कडेला एक कडा. हे राखीव क्षेत्र, इथे हातोडी गाडीतच. खाली फिकट, चुन्याचा खडक. त्यावर काळसर मोइन शिस्ट. दोघांमधली सीमा इतकी रेखीव की एक तळवा खालच्या खडकावर आणि एक वरच्यावर ठेवता येतो. वरचा खडक सुमारे १०० कोटी वर्षांचा. खालचा ५० कोटींच्या आसपास.

म्हातारा वर आणि तरुण खाली! एकोणिसाव्या शतकात यावरून भूशास्त्रज्ञांत जोरदार वाद झाला. मर्चिसनसारखा मातब्बर माणूस म्हणत होता, वरचा तो नंतरचाच असणार. निकोलला ते पटत नव्हतं. वरचा खडक पूर्वेकडून सरकत येऊन खालच्यावर चढलाय, हे लॅपवर्थने, आणि पुढे पीच व हॉर्न या सर्वेक्षकांच्या जोडीने दाखवून दिलं. त्यांचा ग्रंथ १९०७ मध्ये आला. या दोघांचे पुतळे इथे आहेत. लॅपवर्थबद्दल सांगतात की या कामात तो इतका बुडाला की आजारी पडला, आणि रात्री तो सरकणारा खडक आपल्याच अंगावरून जातोय असं त्याला वाटायचं. त्या सरकत्या पट्ट्यात भरडून, ताणून बारीक झालेल्या खडकाला १८८५ मध्ये त्यानेच मायलोनाइट नाव दिलं, ग्रीकमधल्या गिरणीच्या शब्दावरून.

नावात गिरणी असली तरी मायलोनाइटमध्ये नुसतं पीठ पडलेलं नसतं, हे ताईने आवर्जून सांगितलं. खोलवरच्या उष्णतेत गारेचे कण फुटण्याऐवजी लांबतात आणि नव्या बारीक कणांत मोडतात. म्हणून ओळखायचं तर कागदाच्या थप्पीसारखे अतिबारीक, सरळ पट्टे आणि त्यांत एखादा न भरडलेला टपोरा दाणा, डोळ्यासारखा.

उन्हात तिथे बराच वेळ बसलो. ताई एक अक्षर बोलली नाही, जे विशेष आहे.

दिवस सातवा : लॅक्सफर्ड

उत्तरेला रस्त्यासाठी खोदलेली एक दरड, तीन रंगांची. करडा, काळा, गुलाबी. करडा तो लुईसियन नाइस, जवळपास ३०० कोटी वर्षांचा, ब्रिटनमधल्या सगळ्यात जुन्या खडकांपैकी. काळे पट्टे म्हणजे २४० ते २०० कोटी वर्षांपूर्वी त्यात घुसलेला बेसाल्टसारखा खडक, जो पुढे स्वतःच रूपांतरित होऊन ऍम्फिबोलाइट झाला. गुलाबी ग्रॅनाइट त्याच्याही नंतरचा, दोघांना कापत गेलेला.

मी आत्मविश्वासाने म्हणालो, "नाइसचे हे पट्टे, हे मूळचे थर."

"बॅलाहुलिशला काय शिकलास?"

पट्टे थरांचे नव्हेत. इथला मूळ खडक बराचसा अग्निजन्य, त्यात थर नव्हतेच. प्रचंड उष्णतेत आणि ताणात फिकट आणि गडद खनिजं वेगळी होत गेली, मळल्यासारखी लांबली, दुमडली. काही ठिकाणी खडक अंशतः वितळायलाही लागला होता. फिकट भागाच्या नागमोडी शिरा तिथल्या. म्हणजे सात दिवस जी रेघ ती मला ठळक करून सांगत होती, वितळलेला आणि न वितळलेला, ती इथे एका दरडीत पुसट होते. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी हे सांगितलं असतं तर तू गाडी परत फिरवली असतीस."

मग गोट्याची पाळी आली. मी तयारी केली होती. पदर नाहीत. चाकूने चरा नाही. पूड पडत नाही, त्यामुळे व्हिनेगरचा प्रश्नच नाही. काचेच्या बाटलीवर ओढला, चरा पडला. "क्वार्टझाइट," मी म्हणालो. "रूपांतरित वालुकाश्म. मोडला तर वालुकाश्मासारखा कणांना वळसा घालून नाही, कणांतून आरपार मोडेल."

"मोड."

गाडीमागे दुसऱ्या दगडावर ठेवून, डोळे सांभाळून, दोन घाव. आत भिंग लावलं. आरपार मोडला होता खरा. पण कणच नव्हते. दुधी, एकसंध, चिकट चकाकी, काचेसारखा वळणदार फुटवा.

"वाळू कुठाय यात?" ताईने विचारलं.

नव्हती. ती साधी गार होती, शिरेतली. स्टोनहेवनच्या खडकांत अशा पांढऱ्या शिरा जागोजाग आहेत, मी त्यांवरून चालत गेलो होतो. चिखल तापताना जे पाणी सुटून वर निघालं, ते गार विरघळवून सोबत नेत होतं. भेगेत आल्यावर ती तिथेच बसली.

"म्हणजे हा बदललेला दगड नव्हेच?"

"दगड बदलताना जे पाणी निघून गेलं, त्याची ही वाट."

गोट्याचा अर्धा भाग तिने घेतला, अर्धा मी गाडीच्या काचेपाशी ठेवला. पहिल्याच वळणावर तो घरंगळून सीटखाली गेला, आणि गाडी परत करताना हात घालून शोधावा लागला.